कामांची यादी संपत नाही, मग वाचायचं कधी?

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की तुमचं वाचन नेमकं कशामुळे सुटलं. मेल आल्या, पत्रं आली, काहींनी तर व्हॉइस नोट पाठवल्या, आणि जवळपास प्रत्येकाच्या बोलण्यात एकच गोष्ट, कामांची यादी. कुणाची वहीत, कुणाची फोनमधे, कुणाची नुसतीच डोक्यात. वाचनालयाच्या काउंटरवर बसून मी हे रोज ऐकते, पुस्तक परत करताना लोक हळूच म्हणतात की ताई, उघडलंच गेलं नाही हो. त्यामुळे या महिन्याचं पूर्ण सदर याच विषयाला देतेय. नावं अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीला राहते, वय ४१, नोकरी सीएसएमटीजवळ, घरी दोन मुलं आणि सासूबाई. कॉलेजात असताना रात्र रात्र वाचायचे. आता व्हॉट्सॲपवर स्वतःचाच एक ग्रुप केलाय, त्यात कामं टाकत राहते, गॅस, धाकट्याचा चार्ट पेपर, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, सोसायटीचा मेंटेनन्स, लाइट बिल. रात्री साडेदहाला पुस्तक उघडलं की दुसऱ्या पानावर आठवतं, अगं डाळ-तांदूळ भिजवलेत ते वाटायचेच राहिले. उठते, वाटून येते, परत पुस्तक घेते तर कुठे होते तेच कळत नाही. वाचलं की शांत वाटतं असं सगळे म्हणतात, मला तर वाचताना जास्तच टेन्शन येतं. माझंच काहीतरी बिघडलंय का?

उत्तर : ताई, तुमचं काहीही बिघडलेलं नाही, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. अर्धवट राहिलेलं काम डोकं सहज सोडत नाही हे बर्लिनमधे ब्ल्यूमा झायगार्निक नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ सालीच मांडलं होतं. त्यांनी लोकांना छोटी छोटी कामं दिली, मणी ओवा, मातीचं काहीतरी बनवा, कोडं सोडवा, आणि त्यातली निम्मी मधेच थांबवली, नंतर विचारलं की काय काय केलंत, तर पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अर्धवट राहिलेलीच लोकांना जास्त आठवत होती. तुमचे डाळ-तांदूळ त्याच जातीतले, भिजलेत पण वाटले नाहीयेत, म्हणून ते बरोबर दुसऱ्या पानावर येऊन उभे राहतात.

पण याच्या पुढचा प्रयोग मला जास्त उपयोगाचा वाटतो. २०११ साली अमेरिकेत मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या दोन संशोधकांनी लोकांना आधी त्यांची राहिलेली कामं आठवायला लावली आणि मग एका रहस्यकथेतला उतारा वाचायला दिला. ज्यांनी कामं नुसती आठवली होती त्यांचं लक्ष सारखं उडत होतं, वाचलेलं नीट कळतही नव्हतं. पण काही जणांना वाचायच्या आधी ते काम कधी आणि कसं करणार एवढं लिहून काढायला सांगितलं होतं, त्यांना तसा त्रास झाला नाही, आणि बघा, काम त्यांनीही केलेलं नव्हतंच, फक्त ठरवलं होतं. म्हणजे यादी संपेपर्यंत थांबायची गरजच नाही. आणि घरातली यादी संपते कधी, आज संपली तर उद्या सकाळी दूधवाल्यापासून परत सुरू.

आता तुमच्या ग्रुपबद्दल. लिहून ठेवताय हे चांगलंच आहे, पण त्यात फक्त 'काय' आहे, 'कधी' नाहीये. नुसतं 'गॅस' असं लिहिलं की ते काम डोक्यातच राहतं. 'गॅस, उद्या लोकलमधे, दिवा स्टेशन यायच्या आत' असं लिहिलं की त्याला जागा मिळते. 'चार्ट पेपर, उद्या येताना स्टेशनबाहेरच्या स्टेशनरीवाल्याकडून.' 'पीठ राहिलं, उद्या डब्याला पोहे, डाळ-तांदूळ फ्रिजमधे.' एवढं पुरतं.

दुसरं म्हणजे रात्रीच्या वेळेपुरती तरी ही यादी फोनवर नको. फोन उघडलात की तुमच्या ग्रुपच्या वर शाळेचा ग्रुप, त्याच्यावर सोसायटीचा, आणि एक ओळ लिहायला गेलेल्या तुम्ही पाऊण तासाने बाहेर येता. त्यापेक्षा पुस्तकात खूण म्हणून जो कागद ठेवता ना, तो एका बाजूने कोरा ठेवा आणि सोबत पेन्सिलीचा तुकडा. वाचता वाचता काही आठवलं की उठायचं नाही, त्या कागदावर दोन शब्द आणि 'कधी' एवढं टिपायचं आणि त्याच ओळीवर परत यायचं. सकाळी तो कागद पर्समधे. आमच्याकडे परत आलेल्या पुस्तकांत मला असे कागद सापडतात, एकावर 'कढीपत्ता, आईला फोन, रविवार' असं लिहिलेलं होतं, आणि ते पुस्तक त्या बाईंनी शेवटपर्यंत वाचलं होतं, कारण दुसरा भाग आहे का असं विचारायला त्या आल्या होत्या.

आणि आता जे तुम्ही विचारलेलं नाहीये पण मला सांगायचंच आहे. तुमची यादी मी परत वाचली. गॅस, गोळ्या, मेंटेनन्स, लाइट बिल, यातलं एकही काम असं नाही की जे तुम्हीच करायला हवं. सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर पाहणीत देशातल्या स्वतःच्या घरातलं काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो असं निघालं, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांचा ९७ मिनिटं. वाचायला वेळ नाही ही तक्रार आमच्याकडे बायका जास्त करतात यात मग नवल काय. तो स्वतःचा ग्रुप आहे ना, त्यात यजमानांना आणि मोठ्या मुलाला ॲड करा, आणि प्रत्येक कामापुढे नाव टाका. 'मदत कर' असं म्हणू नका, काम त्याच्या नावावर करा, आठवण ठेवण्याची जबाबदारीसुद्धा त्याचीच. बिल भरलं का हे विचारायचं काम जोवर तुमच्याकडे आहे तोवर ते तुमच्याच डोक्यात राहणार. हे सुरुवातीला जड जाईल, एखादं बिल उशिरा भरलं जाईल, जाऊ दे.

वाचायचं काय? लोकलमधे वाचा असा सल्ला मी देणार नाही, सकाळच्या गर्दीत चौथ्या सीटवर टेकलेल्या बाईला पान उलटायलासुद्धा जागा नसते हे मला माहितीये. आणि साडेदहानंतर चारशे पानी कादंबरी पण नको, दमलेल्या माणसाला दहा पात्रांची नावं लक्षात ठेवायला लावणं म्हणजे अजून एक काम. तुम्ही दिवाळी अंक घ्या. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मासिक मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे ही सोय आहे आणि ती फक्त दिवाळीपुरती आहे असं लोक उगाच समजतात. एक कथा, एक लेख, एक व्यक्तिचित्र, अर्ध्या तासात एक गोष्ट पूर्ण होते, उद्या कुठून सुरू करायचं हा प्रश्नच नाही. बऱ्याच वाचनालयांत दिवाळी अंकांची वेगळी योजना असते, एकदा ठराविक पैसे भरायचे आणि पुढचे काही महिने अंक बदलून न्यायचे. जुने अंकही मिळतात, त्यातल्या कथा काही शिळ्या होत नाहीत. डोंबिवलीत वाचनालयांची कमतरता नाही, शनिवारी संध्याकाळी एक चक्कर मारा, आणि हे मात्र यादीत टाका, वेळेसकट.

प्रश्न : हिंजवडीत आयटीत आहे, वय ३२. दिवसभर टास्क बोर्डवर कामांची कार्ड 'राहिलं'मधून 'डन'मधे सरकवत असतो, त्यातून बाहेर पडायला म्हणून जानेवारीत एका ॲपवर वर्षाला ५० पुस्तकांचं टार्गेट लावलं. आता ॲप सांगतं की मी नऊ पुस्तकं मागे आहे. ऑडिओबुक दीडपट स्पीडवर ऐकतो, सारांशवाली ॲप पण घेतली. रात्री पुस्तक हातात घेतलं की पोटात गोळा येतो. वाचनाने स्ट्रेस कमी व्हायचा ना?

उत्तर : टार्गेट काढून टाका. आज, हे वाचून झाल्या झाल्या.

तुम्ही ऑफिसातला बोर्ड घरी आणलाय आणि त्यावर पुस्तकं लावलीत. मग पुस्तक वाचून होत नाही, कार्ड 'डन'मधे जातं, आणि 'डन' झालं की लगेच पुढचं. यात आराम कुठून येणार? मी वाचनालयात पाहते की जी माणसं वर्षानुवर्षं टिकून वाचतात त्यांना आपण किती वाचलं हे विचारलं तर सांगता येत नाही, पण पावसाळ्यात एकच पुस्तक किती वेळा परत नेलं ते सांगता येतं. स्पीडचं पण तेच. दीडपट वेगाने ऐकलं की माहिती कानात शिरत असेल, पण एखाद्या वाक्यापाशी थांबून खिडकीबाहेर बघायचं असतं ते त्यात होत नाही, आणि तुम्हाला जो आराम हवाय तो बराचसा त्या थांबण्यातच आहे.

अजून एक. सोफी लेरॉय नावाच्या संशोधक बाईंनी २००९ साली दाखवलं की एक काम टाकून दुसऱ्याला हात घातला तरी आधीच्या कामाचा काही अंश लक्षात अडकून राहतो, विशेषतः ते पूर्ण झालं नसेल तर. म्हणून लॅपटॉप मिटला आणि त्याच खुर्चीत पुस्तक उघडलं तर पहिली काही पानं तुमची डोळ्याने होतात, डोक्यात बग चालूच असतो. लॅपटॉप बंद करताना उद्या पहिलं काय करायचंय ते एका ओळीत लिहा, मग उठा, खाली जाऊन सोसायटीला एक राउंड मारा, आणि वाचायला दुसऱ्या खोलीत किंवा गॅलरीत बसा. आणि निदान काही महिने करिअर, सवयी, पैसा, प्रॉडक्टिव्हिटी यावरचं एकही पुस्तक नको, कारण ती पुस्तकं शेवटी तुम्हाला नवीन यादीच देतात. प्रवासवर्णन घ्या, शिकारकथा घ्या, विनोदी घ्या, ज्यातून काहीच 'घ्यायचं' नाहीये असं.

अर्धवट पुस्तकांचंही काहीतरी करायला हवं, तुमच्याकडे ती सहा-सात तरी पडलेली असणार. डोक्याच्या लेखी तीही राहिलेली कामंच, उशाशी ठेवलीत तर छळतात. एकेक हातात घ्या आणि ठरवा, हे मी वाचणार की नाही. नाही म्हटलं की ते घरातून बाहेर, वाचनालयाला द्या, मित्राला द्या. चाळीस पानांत रमलो नाही तर पुस्तक सोडायचा हक्क प्रत्येक वाचकाला आहे, लेखकाचा त्यात काही अपमान होत नाही.

आणि एखादा रविवार काढून भिलारला जाऊन या. पाचगणी-महाबळेश्वरच्या पट्ट्यातलं स्ट्रॉबेरीचं गाव, २०१७ साली राज्य सरकारने ते पुस्तकांचं गाव केलं. गावातल्या घरांमधे विषयाप्रमाणे पुस्तकं ठेवलीत, एका घरात कविता, एका घरात चरित्रं असं, कुणाच्याही ओसरीवर बसून फुकट वाचता येतं. बाजूला घरातल्या आजी शेंगा निवडत बसलेल्या असतात आणि तुम्ही किती पानं वाचलीत हे कुणी विचारत नाही.

प्रश्न : मॅडम, मी मूळचा बीड जिल्ह्यातला, पुण्यात सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करतोय. सकाळी सातला अभ्यासिकेत बसतो ते रात्री अकरापर्यंत. भिंतीवर टाइमटेबल आहे, पॉलिटी, इकॉनॉमी, चालू घडामोडी, रिव्हिजन, सगळं तासांवर. आधी मला कथा-कादंबऱ्या फार आवडायच्या. आता एखादी हातात घेतली तरी वाटतं की घरचे शेतातून पैसे पाठवतायत आणि मी हे काय वाचतोय. पण नुसता अभ्यास करून डोकं बधिर झालंय, तीच ओळ चार वेळा वाचतो. काय करू?

उत्तर : तुला अरे-तुरे करते, चालेल ना. तुझं पत्र वाचून मला खूप वाईट वाटलं, कारण पेठेतल्या त्या अभ्यासिका मी पाहिल्यात, एकाला एक लागून टेबलं, प्रत्येक टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा, पाण्याची बाटली, आणि समोर चिकटवलेलं टाइमटेबल. घरच्या पैशांचं ओझं काय असतं तेही मी समजू शकते. तू कामचुकार असतास तर हे पत्र लिहिलंच नसतंस.

तीच ओळ चार वेळा वाचतोयस म्हणजे तो वेळ तसाही अभ्यासात जात नाहीये. मग त्यातला अर्धा तास कादंबरीला दिलास तर घरच्यांचं काय गेलं? हे मी पळवाट म्हणून सांगत नाहीये. सोळा तास टेबलावर बसणं आणि सोळा तास अभ्यास होणं यात फरक आहे हे तुझ्या आजूबाजूच्या प्रत्येकाला माहितीये, कुणी बोलत नाही एवढंच.

पण वाचायची पद्धत बदलावी लागेल. तुम्हा मुलांच्या हातात कायम हायलायटर असतो, प्रत्येक ओळीकडे 'हे विचारतील का' म्हणून बघायची सवय लागलेली असते. कादंबरी घेताना पेन, हायलायटर, वही, काहीही जवळ नको. अभ्यासिकेच्या टेबलावर तर अजिबात नको, ती जागा परीक्षेची आहे. जेवण झाल्यावर मेसमधून बाहेर पडलास की कुठेतरी कट्ट्यावर, पर्वतीच्या पायऱ्यांवर, नाहीतर सरळ वाचनालयात. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालापासूनचं आहे आणि पेठेतून पायी जाण्याच्या अंतरावर. आणि ही वेळ त्या भिंतीवरच्या टाइमटेबलात लिहू नकोस, एकदा चौकोनात घातलं की त्याचाही 'पोर्शन' होतो. जेवणानंतर असतं, बस.

पुस्तकाचं नाव मी सहसा सुचवत नाही, ज्याचं त्याला सापडावं असं मला वाटतं, पण तुला एक सांगते. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', १९५५ साली आलेली. बारीकशी कादंबरी आहे, माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर शाळेवर रुजू होतो, आणि पुढे दुष्काळ येतो. बीडकडच्या मुलाला दुष्काळ म्हणजे काय हे मी सांगायला नको. नव्या नोकरीवर, अनोळखी गावात, एकटा पडलेला तो पोरगा तुला जवळचा वाटेल, आणि वाक्यं इतकी साधी आणि छोटी आहेत की बधिर डोक्यालाही झेपतात.

घरच्यांना एकदा फोनवर सांगून टाक की रात्री अर्धा तास मी गोष्टी वाचतो. माझा अनुभव आहे की आईवडिलांना याचा राग येत नाही. लपवून वाचलं की अपराधी वाटतं, सांगून वाचलं की बरंचसं ओझं उतरतं. आणि हो, इतकं करूनही झोप येत नसेल, जेवण जात नसेल, जगणं नको वाटत असेल तर मग हा पुस्तकाचा प्रश्न नाही, सरळ डॉक्टरला भेटायचं. टेलिमानस ही सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : मी कोल्हापूरचा, निवृत्त शिक्षक, वय ६६. निवृत्तीनंतर निवांत वाचेन म्हणालो होतो, पण कामं वाढलीच. नातवाला शाळेतून आणणे, बँकेचं केवायसी, नोव्हेंबरात हयातीचा दाखला, गावाकडच्या जमिनीची कागदपत्रं. रात्री अकराला मुलाने दिलेल्या टॅबवर वाचतो, अक्षर मोठं करता येतं म्हणून. पण झोप उडते, डोक्यात तलाठी ऑफिस फिरत राहतं. ग्रुपवर एक फॉरवर्ड आलाय की सहा मिनिटं वाचलं की ताण ६८ टक्के कमी होतो. खरं आहे का?

उत्तर : काका, तो फॉरवर्ड माझ्याकडेही दर महिन्याला येतो. तो आकडा २००९ साली इंग्लंडमधे एका कंपनीसाठी मोजक्याच लोकांवर केलेल्या चाचणीतला आहे, त्यावर फार विसंबू नका. वाचून बरं वाटतं हे सांगायला टक्क्यांची गरज नाही, आणि सहा मिनिटांत नाही वाटलं तर तुमचं वाचन चुकतंय असंही नाही.

टॅबचं मात्र लक्षात घ्या. २०१४ साली बॉस्टनच्या संशोधकांनी १२ जणांना काही रात्री टॅबवर आणि काही रात्री छापील पुस्तक वाचायला दिलं, तर टॅबच्या रात्री झोप लागायला सुमारे दहा मिनिटं जास्त लागली आणि सकाळी मरगळही जास्त. अर्थात ते लोक झोपायच्या आधी चार तास पूर्ण ब्राइटनेसवर वाचत होते, तुम्ही तेवढं करत नसणार, पण ब्राइटनेस एकदम कमी करा आणि टॅबवरचं वाचन दिवसा ठेवा. रात्री छापील पुस्तक, मोठ्या टायपातलं, आणि दिवा डोक्यामागून. चष्म्याचा नंबर तपासून किती दिवस झाले? वाचताना दमायला होतं म्हणून वाचन सोडलेले कितीतरी ज्येष्ठ सभासद आमच्याकडे नवा चष्मा घेऊन परत आलेत. मोतीबिंदूही बघून घ्या.

तलाठी ऑफिसवर एक सोपा उपाय आहे. २०१८ साली टेक्ससमधल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर प्रयोग झाला, निम्म्यांनी झोपायच्या आधी पाच मिनिटं उद्यापासूनच्या कामांची यादी लिहिली, निम्म्यांनी झालेल्या कामांची. राहिलेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना साधारण नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी लवकर. तुम्ही शिक्षक आहात, टाचण काढायची सवय हाताला आहेच. तसंच काढा, 'सोमवारी सात-बारा, सोबत आधारची झेरॉक्स, साडेदहाला निघणे'. वही मिटा आणि मग पुस्तक उघडा.

पण खरं सांगू का काका, तुमचं वाचन रात्री अकराला ढकललं गेलंय हेच मला पटत नाही. आयुष्यभर शिकवलंत, आता उरलेल्या वेळेत कशाला? तुमच्या गावात करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० सालापासूनचं. सकाळी नातवाला शाळेत सोडलं असेल नसेल, दहा वाजता जाऊन बसा. वाचनालयाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला कुणी काम सांगत नाही, घरी पेपर घेऊन बसलेल्याला मात्र 'रिकामेच आहात तर जरा' असं हमखास ऐकावं लागतं. तिथे तुमच्यासारखे दोन-चार जण रोज भेटतील, आणि महिन्याभरात तुमची खुर्चीही ठरून जाईल.

प्रश्न : ताई, मी म्युनिकमधे असते, बाळ सात महिन्यांचं आहे, मदतीला कुणी नाही. पाच मिनिटं सलग मिळत नाहीत, मिळाली तर हात मोकळे नसतात. इथे मराठी पुस्तकं मिळत नाहीत आणि इंग्रजी वाचायची इच्छा होत नाही. मी वाचन विसरूनच जाऊ का आता?

उत्तर : अजिबात नाही, फक्त सध्या कानाने वाच. बाळाला पाजताना, कपडे घड्या घालताना मराठी ऑडिओबुक लाव, हल्ली भरपूर मिळतात, आणि आवाज चांगला असेल तर ऐकणं हेही वाचनच आहे, आपल्या आज्या पोथी ऐकायच्याच की. बाळाच्या कानावर मराठी पडेल ते वेगळंच.

एका हाताने फोनवर वाचता येईल असं म्हणशील तर मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, फुकट, सगळे २० खंड. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला बसून ते काम उभं केलं, पहिला खंड १९७६ साली आला. तुला वाटेल बाळंतिणीला विश्वकोश काय सांगतायत, पण त्यातली एखादी नोंद दोन-तीन मिनिटांची असते. आंबा वाच, ओवी वाच, कापूस वाच. मधेच सोडलं तरी काही बिघडत नाही, आणि औषध दिलं का, डायपर संपले का यातून दोन मिनिटं तू भलत्याच जगात जाऊन येतेस. कविताही तशाच, एक कविता एका ढेकरेत बसते.

भारतातून कुणी येणार असेल तर लोणच्याच्या बरणीसोबत दोन बारीक पुस्तकं आणायला सांग. आणि तुझ्याकडे वेळ नाहीये यात तुझा काही दोष नाही, सात महिन्यांच्या बाळाची आई म्हणजे दिवसरात्रीची ड्यूटी. बाळ रांगायला लागलं की परत लिही, तेव्हा चित्रांची पुस्तकं कुठली आणि फाडली तर काय करायचं ते सांगते.

पुढच्या अंकात पुस्तकांना लागणारी कसर आणि पावसाळ्यातला कुबट वास यावरचे प्रश्न घेतेय. कपाटातल्या पुस्तकांबद्दल काही विचारायचं असेल तर महिनाअखेरपर्यंत पाठवा.